लुईसच्या नावावर लिहिलेली धाव

विनायक मैदान सोडून आत निघाला, तेव्हा एक रनर फर्स्ट बेसवर उभा होता. सगळं प्रकरण त्या रनरचं आहे.

हिवाळ्यातली शनिवारची दुपार. दुबईबाहेरचं ग्राउंड, वर धुकं की धूळ, कळू नये असं काहीतरी पांढुरकं. चेंडू उंच गेला की त्यात विरघळायचा आणि बऱ्याच वेळानं कुणाच्या तरी ग्लव्हमध्ये पडल्याचा आवाज यायचा. मी काचेमागे बसलेला ऑफिशियल स्कोअरर. वीस वर्षं मुंबईत आणि शारजात क्रिकेटचं स्कोअरिंग केलं. इथे प्रोफेशनल बेसबॉल सुरू झाल्यावर एक कोर्स करून इकडे आलो.

विनायक कराडचा. आधी भालाफेक करायचा, मग पिचर झाला. पिचर म्हणजे आपला बोलर. सलग अठरा इनिंग त्याच्या नावावर दिलेली एकही धाव नव्हती. लीगचं रेकॉर्ड वीसचं. अशी माळ चालू असताना बेसबॉलवाले तिचं नावही काढत नाहीत. नजर लागते म्हणे. डगआउटमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही. बोर्डावर शून्यामागे शून्य, आणि आम्ही सगळे एकाच झोपेत असल्यासारखे हळू बोलायचो.

त्या दिवशी तो थकला. चार चेंडू बाहेर टाकले की बॅटर फुकटात फर्स्ट बेसवर जातो, तसा एक गेला. कोचनं विनायकला काढलं आणि लुईसला आणलं. लुईस डोमिनिकन, छत्तिशीचा. पुढच्या सीझनला ठेवतील की नाही ते आकड्यांवर ठरणार, हे तो स्वतःच हसत सांगायचा.

लुईसच्या पहिल्याच चेंडूवर सरपटी फटका. तो फर्स्टवरचा रनर सेकंडला आउट झाला, पण फटका मारणारा फर्स्टवर सुखरूप पोचला. पुढच्या फटक्यावर तोच धावत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आला. एक धाव. मी ती लुईसच्या नावावर टाकली. विनायकनं बेसवर सोडलेला माणूस आउट झाला होता ना! क्रिकेटवाल्याच्या डोक्यात आउट झालेला माणूस संपला.

मॅचनंतर लुईस जिन्यात भेटला.

"माय फ्रेंड, दॅट रन. प्लीज चेक."

"शुअर, शुअर."

"नो हरी. ट्वेंटी-फोर अवर्स, नो?"

स्कोअररला चूक दुरुस्त करायला चोवीस तास असतात. सकाळी सिलिकॉन ओएसिसमधल्या घरी मी नियमांचं पुस्तक उघडलं. स्वच्छ लिहिलेलं होतं. आधीच्या पिचरनं बेसवर सोडलेला माणूस असा आउट झाला, तर त्याच्या जागी आलेला माणूसही आधीच्याच पिचरचा. म्हणजे धाव विनायकची. माळ अठरावर तुटली होती.

तेवढ्यात फोन. आमच्या मंडळाचे देशपांडे.

"अहो, पुढच्या शनिवारी ढोल आणतोय आम्ही! आपल्या पोराचं रेकॉर्ड होणार ना?"

"होईल, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला काय! तुम्ही आतले आहात, नक्की सांगा."

मी हसलो. लॅपटॉप उघडाच होता. एक नाव खोडून दुसरं लिहायचं, दोन मिनिटांचं काम.

मुलीनं विचारलं, "बाबा, इज एव्हरीथिंग ओके?"

"हो गं."

खिडकीबाहेर टॉवर धुक्यात बुडाले होते. वरचे मजले तेवढे तरंगत होते. मी बघत बसलो. चहा झाला, जेवण झालं, टॉवर पुन्हा जमिनीला टेकले. मी काहीच ठरवलं नाही. संध्याकाळची अजान झाली तेव्हा चोवीस तास उलटून गेले होते.

पुढच्या शनिवारी विनायकनं आणखी तीन शून्यं टाकली. ढोल वाजले. लुईस कठड्याशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. सीझन संपल्यावर त्याला ठेवलं नाही.

वर्षभरानं मी ऑपरेशन्स हेडकडे गेलो. लेबनीज माणूस, फादी.

"आय रोट द राँग नेम," मी म्हणालो.

"व्हेन?"

"लास्ट सीझन."

"लास्ट सीझन? हबीबी, खलास. ट्वेंटी-फोर अवर्स. द रेकॉर्ड स्टँड्स."

लुईसला मेल लिहिला. उत्तर आलं नाही. मग विनायकला कॉफीला बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, काका. पिचरला हा नियम ठाऊक असतोच."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम केलंत. आपलं माणूस म्हणून. तुम्हाला अडचणीत कसं आणणार?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण पहिल्या दिवशी खरंच चूक झाली होती, तेवढं सोडलं, तर तो चुकीचं काहीच बोलला नव्हता.

आता नवीन स्कोअररना मी शिकवतो. नियम पुस्तकात सापडतात. मी एवढंच सांगतो, की चूक चोवीस तासच चूक असते. त्यानंतर तो तुमचा निर्णय धरला जातो, आणि बरोबरच धरला जातो.