सुपरवायझरचा बूट

महाद्वार रोडला चपलांच्या दुकानांवरून जाताना कातड्याचा वास आला, की मला अजून मळमळतं.

वीस वर्षांपूर्वी कागलच्या एमआयडीसीत, पॅकिंग करता करता मला फिट आली. शुद्धीवर आलो तेव्हा सुपरवायझरनं आपला घामट बूट माझ्या नाकावर दाबून धरला होता. भोवती सगळं खातं बघत उभं.

“फिटा येत्यात व्हय रं तुला?”

हो म्हटलं असतं तर नोकरी गेली असती.

“न्हाय साहेब, उपाशी हुतो. चक्कर आली.”

“बुटानं कसा उठीवला बघा!” तो म्हणाला. सगळे खिदळले. मीही हसलो.

नोकरी टिकली. त्यानं बूट पायात चढवला आणि मी वाकून त्याच बुटाला हात लावला. “उपकार झाले, साहेब,” म्हणालो. ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.