लाल केलेला चुंबक

नववीत विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर पृथ्वी काढली आणि तिच्या पोटात एक पट्टीचुंबक. म्हणाले, उतरवून घ्या. मी हात वर करून म्हणाले, तिथे चुंबक नसतो.

माझे वडील वाशीमला सभांच्या बाहेर सतरंजी टाकून पुस्तिका विकत. उरलेल्या मी वाचायचे. एकीत लिहिलं होतं की गाभ्यातल्या उष्णतेत चुंबक चुंबक राहतच नाही. तिथे वितळलेलं लोखंड आहे. ते तापून वर येतं, निवून खाली जातं, पृथ्वीच्या फिरण्याने पीळ खातं. चुंबकक्षेत्रातून असं वाहताना त्यात वीज निर्माण होते आणि ती वीज ते क्षेत्र पुन्हा उभं करते. वाहणं थांबलं, की क्षेत्र हळूहळू संपेल.

"तू खाली जाऊन पाहून आलीस?" सरांनी विचारलं. वर्ग हसला. मग ते म्हणाले, "या लोकांना पुस्तिका वाचल्या की वादच सुचतात."

या लोकांना. यावर कोणी हसलं नाही. कोणत्या जातीच्या लोकांना, ते सगळ्यांना कळलं होतं.

संध्याकाळी मी मोडक्या स्पीकरचा चुंबक घेऊन शिरपूरच्या रस्त्यावरच्या लोहाराकडे गेले. "भाजून खातं काय वं पोरी?" म्हणत त्याने तो लालभडक केला. निवल्यावर त्याला टाचणीसुद्धा चिकटेना.

दुसऱ्या दिवशी तो मी सरांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, खराबच होता. मी ओरडले, खोटं शिकवू नका. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माझं नाव गेलं होतं. त्यांनी माफीनामा मागितला, नाहीतर नाव कापणार.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढे सरकवला.

"लिहून दे. सालभरानं दहावी हाये. तोंडी मार्क त्यायच्याच हातात."

"मंग त्या पुस्तिका कायले विकता तुमी?"

ते उठून बाहेर गेले. त्या रात्री मला सरांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. आजही पुरता गेलेला नाही.

मी लिहिलं: "आवाज चढवला, त्याबद्दल माफी. पृथ्वीच्या पोटात पट्टीचुंबक नाही."

सरांनी दुसऱ्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि म्हणाले, हे खोड. मी पेन उचलला नाही. प्रदर्शनाला दुसरी मुलगी गेली, प्लास्टिकच्या चेंडूत पट्टीचुंबक खुपसून.