वाकळा गेल्या, वहिनी राहिली

आमची वहिनी आज पहाटे गेली. कोरड्या अंथरुणात, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून.

कोरड्या अंथरुणात, हे मुद्दाम लिहिते. कारण चौदाव्या वर्षीच ती ओढ्याच्या पाण्यात जायची होती.

मातीला यायला तुम्ही निघत असाल. इथं परवापासून पाऊस आहे. गाडीत बसायच्या आधी हे वाचा. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, या घरच्या ग्रुपवर फुकट आहे, तर सगळं लिहिते.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. नळदुर्गाजवळचं हेच गाव. मी नऊ वर्षांची.

थोरल्या दादाचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. वहिनी आळंदकडची, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायची. मला, एवढ्याशा नणंदेला, "वन्सं, तुमी" म्हणायची. मला लई भारी वाटायचं.

घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुणं ओढ्यावर जायचं. वाकळा, चादरी, लुगडी, आईचं पूजेचं सोवळंसुद्धा.

सकाळी आईनं वाकळा वहिनीच्या हवाली केल्या.

"मोजून नेतीस, मोजून आण."

आई तशीच होती. चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही.

धुतलेल्या वाकळा आम्ही पात्रातच, खडकांवर वाळत घातल्या. तिथं ऊन चांगलं लागायचं. गावातल्या सगळ्याच बायका तसं करायच्या.

दुपारी आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. तुळजापूरच्या डोंगराकडं मात्र काळंकुट्ट, आणि सारखी गडगड.

शेजारची गोदाकाकू म्हणाली, "आपल्याकडं कुठं हाय पाऊस? तिकडं पडला तर तिकडच्यांच्या वाकळा भिजतील."

बायका हसल्या.

आई हसली नाही. ती पाण्याकडं बघत होती. पाणी गढूळ झालं होतं. वर फेस, काडीकचरा.

"वर पडलाय. उठा! हाय तसं टाका आन् काठावर चला."

आम्ही चढलो. वहिनी मात्र उलटी फिरली. वाकळांकडं.

आधी आवाज आला. दगडी रस्त्यावरून पन्नास बैलगाड्या पळाव्यात तसा.

मग पाणी.

घोट्याचं पाणी बघता बघता मांडीला लागलं. वहिनी दोन वाकळा कवटाळून ओढत होती. ओली वाकळ म्हणजे रेडकाएवढी जड.

आई ओरडली, "सोड गं त्या!"

"कसं सोडू आत्याबाई? तुमी मोजून दिल्यात!"



आईनं स्वतःच्या काखेतलं गाठोडं उचललं. त्यात तिचं सोवळं होतं, माहेरचं एकुलतं लुगडं होतं. वहिनीच्या डोळ्यांदेखत तिनं ते पाण्यात भिरकावलं.

"हे बघ, माझंच गेलं! आता कशाचा हिशोब मागू तुला? ये!"

वहिनीनं हात मोकळे केले.

"कुणी खाली उतरायचं न्हाय!" म्हणत आईनं गोदाकाकूच्या खांद्यावरचं ओलं लुगडं ओढलं आणि एक टोक वहिनीकडं फेकलं. दुसरं टोक चार बायकांनी धरलं. वहिनी काठावर येऊन पालथी पडली, आणि ती उभी होती तिथून एक आख्खी बाभळ मुळांसकट वाहत गेली.

तोवर वादळ आमच्याही डोक्यावर आलं. मी चिंचेखाली पळाले. आईनं पाठीत धपाटा घातला. "झाडाखाली वीज पडती, कळत न्हाय?" सगळ्यांना घेऊन ती महादेवाच्या दगडी देवळात शिरली.

तिथं वहिनी रडायला लागली. "अय्यो, घरात एक पांघरूण उरलं न्हाय."

"रडू नकोस. आणखी किती भिजशील?" आई म्हणाली.

गोदाकाकू न राहवून म्हणालीच, "सुनेपायी वाकळा सोडल्यास. आता डोक्यावर बसंल बघ."

"बसू दे," आई म्हणाली. "पाण्यात बसण्यापरीस बरं."

त्या वर्षी सोवळं नव्हतं, म्हणून आईनं ओलेत्यानं घट बसवले. कुडकुडत. शेजारच्या खानसाहेबांच्या घरून आमच्यासाठी दोन रजया आल्या, थंडी त्यात काढली.

वहिनीनं नंतर आख्खं घर सांभाळलं. चार लेकरं वाढवली. आईचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं. फोनवर कुणालाही "जेवलास का"च्या आधी विचारायची, "ओढ्याला पाणी किती हाय?"

आता शिवासाठी लिहिते. वहिनीचा थोरला. पुण्याहून निघालाय आणि फोन लागत नाही. ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललंय, असं आत्ताच पोरं सांगून गेली.

शिवा, तुझी गाडी मोठी आहे. रस्ता पायाखालचा आहे. आणि घरात आई आहे. तू थांबणार नाहीस, हे मला माहीत आहे.

तरी थांब.

पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी गाडी घालू नकोस. खाली पूल आहे की वाहून गेला, ते वरून दिसत नाही. तुझ्याकडं ऊन पडलं असलं तरी आमच्याकडचं पाणी उतरलं असं समजू नकोस. नळदुर्गात मुक्काम कर. माती उद्या करू. परवा करू. तुझ्या आईला आम्ही एकटीला ठेवत नाही, मी उशाशीच बसले आहे.

बाकीच्यांनाही तेच सांगणं. पोचला नाहीत तर कुणी बोल लावणार नाही.

वहिनी, निवांत जा. आई भवानी तुला पदरात घेवो.

शिवा, हे वाचलंस की जिथं असशील तिथून लगेच उलट कळव. "थांबलोय" एवढं एकच लिही.