चिकटलेलं दार

शेजारी पाण्याच्या टाकीला फायबर लावून राहिलेत. त्या वासानं जुना दसरा आठवला.

आमचे मालक नांदेडला मोटारींचे मिस्त्री. सुटे भाग मागवून त्यांनी घरातच लाल रेसची गाडी बांधली. तीन वर्षं बैठकीत गाडी अन् मी चुलीपाशी. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालून म्हणले, "आधी लक्ष्मी बसू दे." मी बसले, दार लावलं, अन् कडंच्या वल्या फायबरनं ते चिकटलंच. काचा पक्क्या. वासानं जीव गुदमरला.

ते करवत घेऊन उभे. "कापू का गं दार?"

लग्नापासून पहिल्यांदाच मला काई इचारलं व्हतं.

"नगं," मी म्हणले. ते सुरीनं कड खरवडत राहिले, मी दार सुटंपर्यंत तासभर घामात बसले.

मी हाव म्हणले असते, तर कापलं असतं का? आता इचारायला ते न्हाईत.