पुढची गाठ

“दूध उतरलं का तिले?”

दारात उभी राहून शेजारणीनं एवढंच विचारलं. माझ्या सुनेचं सातव्या महिन्यात पोटातच गेलेलं लेकरू पुरून तिसरा दिवस होता. सून भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवत नव्हती, बोलत नव्हती, रडतही नव्हती. आता हीसुद्धा हातची जाते की काय, अशी मला धास्ती पडली होती.

“लेकरूच नाही, त दूध कायले उतरते?” मी म्हणाले.

“लेकरू गेलं हे छातीले कोनं सांगतलं? सरक वो. चहा मांड आधी.”

‘चहा मांड आधी’ हे ती कुठंही म्हणायची, लोकांची भांडणं सोडवायला गेली तरी. आमच्या भिंतीला लागून तिचं घर. चाळीस वर्षं आम्ही सोबत कापूस वेचला. तिचं गाठोडं माझ्याआधी भरायचं, वर मलाच ऐकवायची, “हात चालव, तोंड नको.” तुम्हीही अशी बाई पाहिली असेल. शिव्या देत देत दुसरीचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेणारी.

तिला मूल नव्हतं. म्हणून ओटी भरायला तिला कुणी बोलवत नसे. सुनेची ओटी भरली तेव्हा मीही बोलावलं नाही. गाणी भिंतीपलीकडे ऐकू गेलीच असतील.

ती आत गेली. सुनेचा ब्लाउज ओला होता, छाती दगडासारखी. तीन दिवस मी त्याच खोलीत होते आणि पाहिलं नव्हतं. तिनं माझं जुनं लुगडं टरकावलं, फार न आवळता पट्टा बांधला आणि गाठ पुढं घेतली.

“मावशी, मागं बांधा ना,” सून म्हणाली. तीन दिवसांतलं तिचं पहिलं बोलणं.

“मागं बांधाले दुसरं मानूस लागते, पोरी. पुढची आपल्या हातानं बांधता येते.”

मग सूनच म्हणाली, “माही गोधडी कुठं हाय?”

लेकरासाठी शिवलेली ती गोधडी मी वरवट बकाल गावी पुतणीच्या तान्ह्याला देऊन टाकली होती. डोळ्यांसमोर नको म्हणून. दिलेलं परत कसं मागायचं? मी तसं सांगून टाकलं.

“अक्कल हाय का तुले?” एवढं मला बोलून ती भर उन्हात बसनं गेली आणि गोधडी मागून घेऊन आली. सुनेनं ती तोंडावर घेतली आणि हंबरडा फोडला. मी उठायला लागले, तर तिनं माझा पदर ओढला. “रडू दे तिले. तू चहा मांड.”

संध्याकाळी सुनेनं अर्धी भाकर खाल्ली.

माझी ही शेजारीण गेल्या हिवाळ्यात वारली. तिला न्हाऊ मी आणि सुनेनं घातलं. घराला आता कुलूप आहे.

तिची तीन लेकरं पोटातच गेली होती. गावाला माहीत होतं, मलाही. तिन्ही वेळा मी भिंतीच्या अलीकडे होते आणि एकदाही गेले नाही. तिन्ही वेळा तिनं छाती एकटीनं बांधली.