वाटणीतली बुट्टी

शाल-श्रीफळ कुणाला द्यावं यावरून दोन सख्ख्या भावांची डोकी फुटायची वेळ येईल, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या भानगडीत पडलेच नसते. खरं म्हणजे पडलेच असते. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

साठ सालच्या आगेमागे आम्ही जयपुरात होतो. नवरा इस्पितळात डॉक्टर, मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. एकदा कुठल्याशा समारंभात एका कापडव्यापाऱ्याचा 'सुंदर छपाईबद्दल' हार घालून सत्कार झाला. त्या गृहस्थाने जन्मात कधी लाकडी ठसा हातात धरला नसेल. ज्यांनी कापड छापलं ते जवळच्या सांगानेरचे छिपे मागच्या रांगेतसुद्धा नव्हते. घरी येऊन मी इतकी चडफडत राहिले की नवऱ्याने पेपर खाली ठेवला आणि म्हणाला, "मग तू दे ना त्यांना बक्षीस. पोळ्या करपवण्यापेक्षा ते बरं."

झालं. मी कंबर कसली. परीक्षक तिघं ठरले: मी, बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर, आणि आमच्या शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे मास्टरजी. नियम साधा होता. प्रत्येक छिप्याने स्वतः छापलेलं एकेक कापड द्यायचं, त्यावर नाव घालायचं नाही, कोपऱ्यात फक्त रंगीत दोऱ्याची गाठ मारायची. माणूस बघून बक्षीस द्यायचं नाही, एवढाच हेतू. जयपुरात मान द्यायचा तर साफा बांधतात, पण मी पडले सातारची. शाल आणि नारळ, यावर मी अडून बसले.

सुरुवातीला कुणी फिरकेना. हा कुठला तरी नवा टॅक्स असावा, अशी सांगानेरात कुजबुज होती. पेंटर सायकलवरून दारोदार फिरला तेव्हा कुठे गाठोडी यायला लागली. मग मात्र आमच्या व्हरांड्यात कापडांचा ढीग लागला. मी हरखून गेले होते.

त्या ढिगात एकाच बुट्टीची, म्हणजे एकाच छापाच्या फुलाची, दोन कापडं निघाली. पांढऱ्यावर काळ्या रेघेचं, लाल भरलेलं फूल, किंचित मान वाकवलेलं, आणि त्याच्या कुशीत एक कळी. एका कापडाला हिरवी गाठ, दुसऱ्याला पिवळी. बाकी साऱ्या ढिगात त्या फुलाच्या तोडीचं काही नव्हतं.

"चोरी है, बहनजी," पेंटर म्हणाला. "एक असली, एक नकली."

पण असली कुठलं? हिरव्या गाठीच्या फुलाची रेघ जिवंत होती, पण लाल रंग जागोजागी तिच्याबाहेर सांडला होता. पिवळ्या गाठीचा लाल भरदार आणि घाटदार होता, रेघ मात्र ताठ, निर्जीव. आम्ही तिघं आलटूनपालटून बघत बसलो. शेवटी पेंटर चौकशीला सांगानेरला गेला आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आला.

दोघे सख्खे भाऊ होते. बाप गेल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. बापाची बुट्टी आपलीच, असं दोघांचंही म्हणणं. आता त्यांनी जातीच्या पंचांसमोर कबूल केलं होतं, की ज्याला शाल मिळेल त्याची बुट्टी. दुसऱ्याने आपले ठसे चुलीत घालायचे आणि ते फूल पुन्हा छापायचं नाही.

आम्ही बक्षीस द्यायला निघालो होतो, निकाल द्यायला नव्हे. नवरा म्हणाला, "रद्द कर." मास्टरजी म्हणाले, "नियम म्हणजे नियम." समारंभाचा रविवार तोंडावर आला होता. मी बस पकडून सांगानेरला गेले, त्या भावांच्या आईला भेटायला.

म्हातारी थोरल्याच्या अंगणात खाटेवर बसली होती. तिने सांगितलं ते असं. वाटणीत भांडी, पेट्या, जागा, सगळं निम्मंनिम्मं झालं. पण त्या बुट्टीवरचा हात कुणी काढेना. एक फूल छापायला दोन ठसे लागतात, आधी रेघेचा, मग रंग भरायचा. पंचांनी रेघेचे ठसे थोरल्याला दिले आणि रंगाचे धाकट्याला. दोघांनीही उरलेला अर्धा भाग बाहेरून नवा कोरून घेतला होता.

"और मैं," ती म्हणाली, "एक महीना यहाँ, एक महीना वहाँ."

हवापाण्याबद्दल बोलावं तशी ती हे बोलली. मग तिने माझं मनगट धरलं. "किसी एक को मत देना, बहनजी. जिसे नहीं दोगी, उसका आधा चूल्हे में जाएगा. मेरे आदमी की निशानी है."

भावाभावांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावलेल्या मी आमच्याकडे पाहिल्या होत्या. पण बापाची आठवण अशी मधोमध चिरून घेतलेली पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू येण्याआधी रागच आला.

परत येऊन मी म्हटलं, शाल तिसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकू. पेंटर म्हणाला, "मग दोघं मिळून आपल्याला बडवतील. निदान त्या निमित्ताने एक तरी होतील." मास्टरजींना हसू आलं नाही. ते म्हणाले, सगळ्यांत चांगलं सोडून दुसऱ्याला देणं हे खोटं, आणि खोटं बक्षीस द्यायचं तर तो व्यापारी काय वाईट होता? त्यांचं खरं होतं.

रविवारी शाळेचा हॉल भरून गेला. एका अंगाला पुरुषांच्या पगड्या, दुसऱ्या अंगाला बायकांचे घुंघट. दोघा भावांची माणसं मधली वाट सोडून समोरासमोर बसली होती, मोडलेल्या सोयरिकीतल्या दोन पक्षांसारखी. काहींच्या हातात काठ्या होत्या. पुढे एक छपाईचा बुटका पाट मांडला होता, रंग कालवून ठेवले होते. आमच्या मुलींना छपाई कशी करतात ते दाखवायचं होतं, म्हणून सगळ्यांना ठसे घेऊन बोलावलं होतं. आता त्या पाटाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

किरकोळ बक्षिसं झाली. मी शाल हातात घेऊन उभी राहिले.

"हिरव्या गाठीची रेघ अव्वल आहे," मी मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "आणि पिवळ्या गाठीचा रंग. अर्ध्या फुलाला मी शाल देणार नाही. दोघांनी इथे एकाच कापडावर मिळून छापावं. शाल दोघांची."

थोरला उठला. "मतलब मेरा काम झूठा?"

"इसकी रेख पर मैं रंग नहीं भरूँगा!" धाकटा ओरडला.

एक बाक उलथला. कुणीतरी काठी उचलली. माझ्या तोंडून, वर्गात निघते तशी, अस्सल मराठी आरोळी निघाली, "खाली बसा! सगळे खाली बसा!" भाषा कुणाला कळली नाही, पण सूर कळला. क्षणभर सगळे बसलेही. थोरला मात्र आपलं कापड काखोटीला मारून दाराकडे निघाला. जाताजाता पंचांना म्हणाला, या बाईला जमत नसेल तर निकाल तुम्ही द्या, आत्ताच द्या. पंचांतला वडीलधारा घसा खाकरून उभा राहिला. मला वाटलं, संपलं. कुणाचा तरी अर्धा बाप आज चुलीत जाणार.

तेवढ्यात बायकांमधून म्हातारी उठली. एवढ्या जातभाईंसमोर बाईने पुढे यायची रीत नव्हती, त्यामुळे तिला अडवावं हेही कुणाला सुचलं नाही. तिच्या बगलेत एक गाठोडं होतं. तिने ते सोडलं आणि पाटावर एक लांबलचक पांढरं कापड अंथरलं. कोरं होतं, पण घड्यांवर पिवळं पडलेलं.

थोरल्याची बायको एकदम हुंदका देऊन म्हणाली, "ये तो माँजी का अपना है!" पेटीच्या तळाशी जपून ठेवलेलं, शेवटच्या दिवशी अंगावर घालायचं कापड ते. सारा हॉल समजला. मीही समजले.

घुंघटाआडून म्हातारी म्हणाली, फार मोठ्याने नाही, "कंधा तो दोनों दोगे ना? तो छापा भी दोनों दो."

पंच खाली बसला. थोरला दारात पाठमोरा उभा होता. मग तो वळला. त्याने पिशवीतून ठसा काढला, काळ्या रंगात टेकवला, कापडावर ठेवला आणि वरून मूठ मारली. एक फूल. मग दुसरं. तो चार फुलं पुढे सरकला तेव्हा धाकटा पाटाशी आला आणि त्याने पहिल्या फुलात रंग भरला. केसाइतकीही फट राहिली नाही. दोघांनी एकमेकांकडे मान वर करून पाहिलं नाही. पुढे रेघ, मागे रंग, असं ते कापडाच्या टोकापर्यंत गेले. म्हातारी पाटाला हात टेकून उभी होती.

मी शाल तिच्या खांद्यावर घातली. तिने ती काढून पाटावर ठेवली आणि नारळ तेवढा घेतला. निकाल लागलाच नाही, त्यामुळे कुणाचे ठसे जळायचा प्रश्न राहिला नाही. भाऊ मात्र बोलले नाहीत. ते आपापल्या टांग्यांतून गेले, आणि म्हातारी ज्याचा महिना होता त्याच्या टांग्यात बसली.

आमचा समारंभ पुढेही काही वर्षं चालला. ती बुट्टी पुन्हा कधी आली नाही.

आमची बदली व्हायच्या सुमारास पेंटर सांगत आला, म्हातारी गेली. मी गेले तेव्हा तिला उचलत होते, अंगावर तेच दोघांनी छापलेलं कापड. हॉलमध्ये ते फूल गेरूसारखं फिकट दिसलं होतं. खरा लाल कापड उकळल्यावर उमटतो. तो मी आत्ता पाहिला. विधवेच्या अंगावर लाल कसं, अशी बायकांत कुजबुज झाली. थोरला म्हणाला, "माँ का कहा है," आणि पुढचा खांदा दिला. दुसऱ्या बाजूला धाकटा होता. वाटणीनंतर बापाच्या दोन्ही ठशांनी पुरं झालेलं ते फूल तेवढ्या एकाच कापडावर होतं, आणि ते तिच्याबरोबर चितेवर चाललं होतं. मी तिथेच, सगळ्यांदेखत रडले.

तेरावा झाल्यावर थोरल्याने पेंटरच्या हाती मला एक कापड पाठवलं. त्यावर नुसती काळी रेघ होती, आत सगळं पांढरं. सोबत निरोप होता, "रंग छोटे के यहाँ से भरवा लेना."

मी मिळेल त्या बसने सांगानेरला गेले. धाकट्याने कापड उलगडलं, रेघेवरून एकदा बोट फिरवलं, आणि काही न विचारता रंग कालवायला घेतला.