कुरवंड्याचं काही कळलं का?

कुणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही, आणि लिहायची सवयही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील पॉलीहाऊसमध्ये गुलाब कापतात, आई सहीपुरतं लिहिते. त्यामुळे काही चुकलं तर आधीच माफी मागतो. पण चाचांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर केला.

चाचा कॉम्प्युटरसमोर असले आणि आपण घाई केली, की ते डावा पंजा वर धरायचे. रस्ता ओलांडताना म्हातारी माणसं गाडीला थांबवतात ना, तसा. आणि म्हणायचे, "थांब. आत कोण बसलंय ते बघू दे आदी."

कामशेतला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता, वरच्या मजल्यावर. खाली एक तांदळाचं दुकान आणि त्याला लागून मोबाईल दुरुस्तीचं. कॉलेज सुटल्यावर मी त्या मोबाईलच्या दुकानात काम करायचो. चाचांचं काही अडलं की जिन्यातून हाक यायची, "ए कॉलेज, वर ये." माझं नाव त्यांना माहीत होतं, पण शेवटपर्यंत मी कॉलेजच राहिलो.

त्यांचं अडायचं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. तुम्हीही पाहिलं असेल, काम झाल्यावर पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क काढायला जावं, तर कॉम्प्युटर सांगतो की ही वस्तू अजून वापरात आहे, आत्ता काढू नका. आपण काय करतो? एकदा वैतागतो आणि ओढून काढतो. बहुतेक वेळा काही होतही नाही. चाचा मात्र कधीच ओढायचे नाहीत. "कुणाच्या घरातून माणूस आसा दंड धरून ओढतो का आपण? त्याचं काम चालू आसंल आत."

खालचे तांदूळवाले शेठ त्यांची चेष्टा करायचे. "चाचा, तुमचा ड्राइव्ह निघेपर्यंत नवरानवरीला पोरं हुतील."

"हू द्या की," चाचा वरून म्हणायचे. "बारशाचं शूटिंग मलाच मिळंल."

त्यांच्याकडे एक मोठी काळी हार्ड डिस्क होती. पवनेकडच्या आणि नाणे मावळातल्या गावांची किती लग्नं त्यात होती, त्यांनाही सांगता आलं नसतं. हीच डिस्क सगळ्यांत हट्टी. काढायला गेलं की नाही म्हणायची. माझं कॉम्प्युटरचं शिक्षण चाललेलं, त्यामुळे उत्साह फार. एका दुपारी मी ठरवलं की आज आत कोण बसतं ते शोधायचंच. सगळ्या खिडक्या बंद केल्या. तरी नाही. मग चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली, तर व्हिडिओचा प्लेअर चालू दिसत होता, एक नाही, तीन. पडद्यावर मात्र कुठेच काही नव्हतं.

"चाचा, तीन व्हिडिओ उघडे आहेत. कुठे आहेत?"

चाचा चष्मा पुसायला लागले. मग हळूच त्यांनी टेबलाच्या कडेला असलेल्या दुसऱ्या पडद्यावरची फुलाफुलांची उशीची खोळ उचलली. तो पडदा मी बंदच समजत होतो. त्यावर तीन लग्नं थांबलेली होती. एका नवरीचा हात हळदीत, एक नवरदेव घोड्यावर, आणि एक मौलवीसाहेब तोंड उघडं ठेवून.

मी बंद करायला गेलो, तर माझ्या मनगटावर त्यांचा हात. "अर्ध्यात न्हाई. अक्षता पडल्याबिगर लग्न बंद करत नसत्यात."

"चाचा, या लग्नाला सहा वर्षं झाली."

"त्यांचं झालं. माज्याकडचं कुटं झालंय?"

तेव्हा उलगडा झाला. कुणाला कॉपी द्यायला जुनं लग्न लावून बघता बघता दुसरं काम निघालं, की चालू लग्न ते बंद करायचे नाहीत. अर्ध्यात लग्न मोडल्यासारखं वाटायचं म्हणे. म्हणून ते दुसऱ्या पडद्यावर सरकवायचे, वर खोळ टाकायचे आणि विसरून जायचे. त्या दुपारी आम्ही दोघांनी बसून तिन्ही लग्नं लावली. दोन लग्नांच्या अक्षता पडेपर्यंत थांबलो, निकाहात नवरा कबूल म्हणेपर्यंत थांबलो, आणि मग एकेक बंद केलं. डिस्क शहाण्यासारखी बाहेर आली. चाचा म्हणाले, "बघितलंस? कुणी आडून बसलं नव्हतं. थांबलं हुतं बिचारं." आणि त्यांनी खालून दोन चहा मागवले.

पुढच्या उन्हाळ्यात ती डिस्क आवाज करायला लागली. आतून टिक टिक, आणि प्रत्येक कामाला वेळ. मी सांगितलं, ही आता फार दिवसांची नाही. चाचांनी नवी डिस्क घ्यायचं मनावर घेतलं, तेवढ्यात लोणावळ्यापलीकडच्या कुरवंडे गावच्या मावशी आल्या.

सोबत त्यांचा मुलगा होता, माझ्याच वयाचा. मावशींच्या मुलीचं लग्न चाचांनी शूट केलं होतं. घरातली सीडी कधीच खराब झालेली. आदल्या वर्षी मावशींचे मालक गेले.

"फोटू हाय भिंतीवर," मावशी म्हणाल्या. "पण आवाज कुटंच न्हाई वं त्यांचा. साधा फोन हुता त्यांच्याकडं, त्यात काय ऱ्हातंय. तुमच्या शूटिंगमदी बोलल्यात ते. पंगतीत."

चाचांना आठवत होतं. त्यांना सगळी लग्नं आठवायची. "व्हय. वाढप्यांच्या मागं मागं फिरत हुते. सावकाश हू द्या मंडळी, भात येतोय. आसं परत्येक वळीला सांगत हुते."

मावशींनी पदर तोंडाला लावला. चाचांनी उठून काळी डिस्क जोडली.

पेन ड्राइव्हवर कॉपी करायला लावली. डिस्क इतकी हळू चालत होती, की आम्ही कुणी श्वासही जोरात घेत नव्हतो. मावशी म्हणाल्या, थोडं दाखवा की. चाचा म्हणाले, "आत्ता नगं. हितं लावलं तर त्या डिस्कला दोन कामं हुतील, ती दमंल. घरी बघा निवांत." दिवस गुरुवार होता, आणि गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली लाईट जाते. ती गेलीच. यूपीएसवर कॉम्प्युटर चालू राहिला आणि यूपीएस टुक टुक करायला लागला.

कॉपी पूर्ण झाली. मी पेन ड्राइव्ह काढायला गेलो, तर तेच. वापरात आहे.

"आता वडा की चाचा," मुलगा म्हणाला. "झाली म्हनतोय ना कॉपी? लोनावळ्याची गाडी चुकली तर फुडं कुरवंड्याला काय मिळत न्हाई."

चाचांचा पंजा वर गेला. "कॉलेज, आत कोण हाय?"

दुसरा पडदा मोकळा होता, तो मी आधीच पाहिला होता. यादी उघडली. अँटीव्हायरस पेन ड्राइव्हमधली नवी फाईल तपासत बसला होता.

"तपासणीवाला आहे, चाचा."

"मग तपासू दे त्याला."

"यूपीएस तेवढा टिकायचा नाही."

यूपीएसचा आवाज घाईघाईने यायला लागला. मुलगा चुळबुळ करत होता. मावशी माझ्याकडे नाही, चाचांकडे बघत होत्या. चाचांनी एकदा त्या काळ्या डिस्ककडे पाहिलं आणि म्हणाले, "मग त्याला नीट सांग. आमचं माणूस हाय आत, आमाला घरी न्यायचंय. जबरदस्ती नगं करू."

मी तपासणी थांबवली. पुन्हा काढायला सांगितलं. क्षणभर काहीच नाही, आणि मग कोपऱ्यात ओळ आली, आता काढता येईल. चाचांनी दोन बोटांत धरून पेन ड्राइव्ह काढला, फुंकर मारली आणि मावशींच्या हातावर ठेवला. मावशींनी तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. तेवढ्यात यूपीएस संपला आणि पडदा काळा झाला.

"लावून बघा आणि सांगा हं," चाचा जिन्यात उभे राहून म्हणाले.

संध्याकाळी लाईट आली. काळी डिस्क मात्र उठली नाही. थोडी टिकटिकली आणि गप्प झाली. पुण्याच्या एका दुकानातही दाखवली, त्यांनी मान हलवली. एवढी लग्नं गेली, पण चाचा त्याबद्दल फार बोलले नाहीत. "ज्याचं त्याच्याकडं एक सीडी तरी आसंल," म्हणाले. त्यांच्या जिवाला लागलं होतं ते एकच. आता जे काही होतं ते त्या पदराच्या गाठीत, आणि ते चालतं की नाही, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

मग सुरू झालं. मी जिना चढलो की पहिला प्रश्न, "कुरवंड्याचं काही कळलं का?"

"फोन करू का चाचा?"

"नगं. चालत नसंल तर मला वाईट वाटू नये म्हणून ती बाई गप बसली आसंल. आपण विचारलं की तिला खोटं बोलायला लागंल. त्यांचं त्यांना सांगू दे." मलाही त्यांनी विचारायची मनाई केली होती.

पुढे लोक मोबाईलवरच लग्नं शूट करायला लागले. चाचांना दम लागायचा, जिना चढवेना. त्यांचा मुलगा देहूरोडला लष्कराच्या डेपोत नोकरीला, तो त्यांना घेऊन गेला. टेम्पोत सामान चढवायला मी होतो. चाचा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि काच खाली करून त्यांनी तेच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "बरं," म्हणाले. नंतर फोनवरही, तब्येतीचं मी विचारायच्या आत, तोच प्रश्न. एकदा तर म्हणाले, "आवाजाची बाजू खराब झाली आसंल का रं? चित्र हाय आन आवाज न्हाई, आसं हुतं कधी कधी." मी म्हणालो, नाही होत चाचा. खरं तर होतं.

गेल्या महिन्यात लोणावळ्याला एस.टी. स्टँडवर मावशींचा मुलगा भेटला. आता एका हॉटेलात कामाला आहे. त्याने मला ओळखलं. मी अडखळत विचारलं. चाचा सोबत नव्हते म्हणून विचारू शकलो.

"ते व्हय? चालतंय की," तो म्हणाला. "आई दुपारची लावती रोज. शेजारच्या बाया येऊन बसत्यात. आमच्या भाचीला तर तोंडपाठ झालंय, आजोबा कुटल्या वळीला काय म्हनत्यात ते."

"आवाज येतो?"

"येतो की. लय खणखणीत."

"मग कळवलं का नाहीस रे चाचांना?"

तो गोंधळला. "चालतंय म्हनल्यावर काय कळवायचं? बंद पडलं आसतं तर आलो आसतो."

मी तिथूनच, बाकावर न बसता, चाचांना फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला. मी घाईने सगळं सांगून टाकलं, की भाभी, चाचांना सांगा, कुरवंड्याचं कळलं, सगळं नीट आहे, आवाजसुद्धा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "अब्बांना जाऊन पंधरा दिवस झाले. तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये कोणत्या नावाने आहे तेच आम्हाला सापडेना."

स्टँडवर पवनानगरची गाडी लागत होती.

"पण तुम्ही सांगितलं ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "हे दर शुक्रवारी कबरीवर जातात. मी त्यांना सांगते, या वेळी जाल तेव्हा अब्बांना एवढं सांगून या."